चोरखिशातलं कार्ड

वडिलांना फोनवरून पैसे भरायला शिकवायचं ज्याच्या मनात असेल, त्याने आधी रक्तदाबाची गोळी घ्यावी. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. सातवीतली पोरं जे एका तासात शिकतात, त्यासाठी आबांच्या मागे मला तीन आठवडे लागावं लागलं आणि घसा बसला तो वेगळाच. कारण आबांना ऐकू येत नाही. एका कानाने मुळीच नाही, दुसऱ्याने मर्जी असेल तेव्हा.

हा सगळा खटाटोप त्या कानांसाठीच होता. आई गेल्यावर आबा मैंदर्गीजवळचं गाव सोडून सोलापुरात माझ्याकडे आले. येताना उरलीसुरली मेंढरं विकली आणि पैसे बँकेत टाकले. त्या पैशातून कानाचं यंत्र घ्यायचं आणि दुकानात पैसे स्वतःच्या हाताने द्यायचे, असा त्यांचा हट्ट. मी म्हटलं, मी भरते, तुम्ही मला नंतर द्या. तर म्हणाले, "कान माजा हाय की." झालं, विषय संपला.

रोख रक्कम घेऊन शहरात फिरायची त्यांना भीती. म्हणजे फोन आलाच. पण फोन त्यांच्या बोटाचा ठसा घेईना. आयुष्यभर कातर चालवून आणि लोकर चोळून बोटांवरच्या रेषाच पुसल्या आहेत. मेसेजमधून आकडा येतो, तो ते मोठ्याने वाचतात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. शेवटी बँकेतल्या मुलीने एक नवी सोय चालू करून दिली. मोठी रक्कम भरताना आपलं कार्ड फोनच्या पाठीला टेकवायचं. कार्ड जवळ आहे, म्हणजे माणूस तोच. ना ठसा, ना आकडा.

मी घरी वही घेऊन समजवायला बसले. दुकानदाराकडे कार्डाचा खरा नंबर जातच नाही, त्याच्या जागी दुसराच एक नंबर जातो, त्याला टोकन म्हणतात, तो कुणी चोरला तरी उपयोग नाही. बाण काढले, चौकोन काढले. आबांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"म्हंजी रुमालाखालचा भाव," ते म्हणाले.

जनावरांच्या बाजारात घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. भोवती पन्नास माणसं उभी असतात, तोंडाने काहीही आकडे बोलले जातात, खरा आकडा त्या दोघांनाच कळतो. माझ्या वहीभर चौकोनांपेक्षा हे सोपं होतं, आणि खरं सांगते, मला त्याचाच राग आला.

"मग मदी कापड असलं तर चालतं का गं?" त्यांनी विचारलं.

"कापडाचा काय संबंध, आबा? आधी नीट ऐका तरी!" मी ओरडले. ज्याला ऐकू येत नाही त्या माणसाला मी दिवसातून दहा वेळा 'ऐका' म्हणते, ही माझी अक्कल.

ठरल्या दिवशी आम्ही कानाच्या यंत्रांच्या दुकानात गेलो. यंत्र तयार होतं, फक्त पैसे भरायचे आणि कानाला बसवायचं. आबांनी काउंटरवरचा कोड स्कॅन केला, रक्कम टाकली. पडद्यावर सूचना आली, कार्ड टेकवा. मिनिटभराचा अवधी होता. आबांनी फोन ठेवला आणि सदऱ्याची बटणं काढायला सुरुवात केली.

"आबा, हे काय करताय?"

आत बंडी. बंडीच्या आतल्या अंगाला चोरखिसा. आणि तो चोरखिसा जाड दोऱ्याने शिवून बंद केलेला! पूर्वी आबा बाजाराला निघाले की आई नोटा चोरखिशात घालून वरून टाके घालायची. सौदा झाला की आबा दाताने दोरा तोडत. आता आई नाही, म्हणून त्यांनी स्वतःच शिवलं होतं, तेही दाभणाने. कार्डाला भोक कसं पडलं नाही, देव जाणे.

मान वाकवून ते दाताने दोरा शोधू लागले. दोरा काही दाताला लागेना. मिनिट संपलं. पुन्हा कोड, पुन्हा रक्कम, पुन्हा बंडी तोंडात. दुसरं मिनिटही गेलं. काउंटरवरची बाई सभ्यपणे कॉम्प्युटरकडे बघत राहिली. मागे दोन माणसं ताटकळली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुरे झालं! मी भरते," म्हणत मी पर्समधून माझा फोन काढला.

आबांनी माझा हात धरला. "न्हाय. माज्या मेंढरांचं पैसं हायती. मीच देणार."  

तिसऱ्यांदा त्यांनी कोड स्कॅन केला. सूचना आली तसा फोन उचलला आणि उघड्या सदऱ्यातून, बंडीवरूनच, छातीला घट्ट टेकवला. डोळे मिटून उभे राहिले. फोन थरथरला. पडद्यावर हिरवी खूण आली.

मधे कापड असलं तरी चालतं. हे त्यांनी मला विचारलं होतं, आणि कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंनी उत्तर दिलं नव्हतं.

काउंटरवरच्या बाईंनी यंत्र आबांच्या कानामागे बसवलं, काहीतरी जुळवलं आणि बाजूला झाल्या. माझा पारा अजून उतरला नव्हता. नेहमीच्याच आवाजात मी सुरू झाले, "आबा, घरी गेल्यावर आधी ते कार्ड उसवून बाहेर काढा! चारचौघांत बंडी चावत बसलात, लोक काय म्हणतील—"

आबा दचकले. हात कानावर गेला. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू मी नव्यानेच दिसत होते. मग अगदी हळू, त्यांचा असा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, ते म्हणाले, "तू रोज येवढ्या जोरात वरडत हुतीस व्हय गं?"

इतके दिवस मी स्वतःला सांगत होते की आवाज चढवते तो त्यांच्या कानांसाठी. त्यातला किती कानांसाठी होता, ते त्यांना आत्ता कळलं होतं. मला लाज वाटली.

रिक्षात आबा बाहेरचे आवाज ऐकत होते, हॉर्न वाजला की मान वळवत होते. घर जवळ आलं तेव्हा मी त्यांच्याकडे न बघता, पुटपुटल्यासारखं म्हटलं, "बंडी काढून द्या, आबा. टाके नीट घालून देते."

"दे की," ते म्हणाले.

मी एकदाच म्हटलं होतं.