रॉयल आकाराचा गौरवग्रंथ

बाबांच्या पंच्याहत्तरीला निलंग्याकडच्या त्यांच्या जुन्या शाळेनं गौरवग्रंथ काढायचं ठरवलं, आणि सगळ्यात आधी चर्चेला आला तो ग्रंथाचा आकार. मजकुराचा अजून पत्ताही नव्हता.

बाबांचं मागणं एवढंच होतं, "क्राउन कागद घ्या, एक अष्टमांश." त्यांचे हात थरथरतात, पोटावर टेकवून वाचता येईल असं पुस्तक त्यांना हवं होतं. खरी ओढ वेगळीच होती. ग्रंथासाठी आईनं जन्मात पहिल्यांदा त्यांच्याविषयी दोन पानं लिहिली होती, आणि काय लिहिलंय ते ती काही केल्या सांगत नव्हती.

संस्थेच्या अध्यक्षांनी चेकबुकाखेरीज दुसरं कुठलं बुक उघडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बैठकीत ते गरजले, "शेजारच्या संस्थेनं एक अष्टमांश काढलाय ना? मग आपला एक षोडशांश करा! आपन काय कमी हावोत का?"

समिती "हाव, हाव" करत माना डोलवू लागली. बाबा गणिताचे शिक्षक. छपाईच्या कागदाला तीन घड्या घातल्या की अष्टमांश, चौथी घातली की षोडशांश, म्हणजे खिशात मावणारा गुटका, हे त्यांनी मला लहानपणी वर्तमानपत्राच्या घड्या घालून शिकवलं होतं. अपूर्णांक चुकला की पोरांचे कान उपटणारा हा माणूस त्या दिवशी चूक ऐकूनही गप्प बसला. गाढवपणानं का होईना, भलं होत होतं.

पण लातूरचा छापखानेवाला अध्यक्षांच्या कानाला लागला. अध्यक्ष लालबुंद झाले. "मग सगळ्यात मोठं कोनतं हाय, ते करा की!"

झालं. क्राउनहून मोठा रॉयल कागद आणि घड्या दोनच, म्हणजे एक चतुर्थांश. आता एवढी पानं भरायची कशानं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग बाबांना कधी पाहिलंही नाही अशा पुढाऱ्यांचे शुभसंदेश आले, पानपानभर फोटोंसकट. प्रकाशनाला ग्रंथ दोघांनी मिळून उचलला, बाबांनी नुसता हात लावला. फोटो झकास आला. मला त्या सगळ्यांची किळस आली.

घरी बाबांनी तो मांडीवर घेतला, तर घसरला. पोटावर घेतला, तर श्वास कोंडला. टेबलावर ठेवला, तर वरच्या ओळींपर्यंत नजर पोचेना. "मी वाचून दाखवते," म्हटलं, तर आई आणि बाबा एकदमच "नको" म्हणाले.

शेवटी त्यांनी मला ब्लेड आणायला सांगितलं. आईच्या दोन पानांचा कागद मी शिवणीपासून कापून दिला. तो हातात धरून, खिडकीशी उभे राहून त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या. मग सावकाश दोन घड्या घातल्या. चतुर्थांशाचा षोडशांश झाला आणि सदऱ्याच्या खिशात गेला.

"झालं का वाचून?" आईनं स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"न्हाई," बाबा म्हणाले, "अजून लई दिवस पुरंल."

उरलेला गौरव सध्या मिक्सरखाली आहे. आकाराच्या बाबतीत अध्यक्ष पहिल्यांदा बोलले, तेच बरोबर होतं.