अनुश्रीने कोरा ठेवलेला पेपर

सुदामानगरातल्या पाग्यांची अनुश्री. वय एकोणीस, डोकं तेज, आणि हाडं इतकी आळशी की उशाशी मोबाइल वाजला तर बंद करायला आईला हाक मारेल. पण जर्मन तिला खरंच यायचं. समोरच्या अच्युतकाकांची मेहनत ती.

काका पीथमपूरच्या कारखान्यात फिटर होते. कंपनीने एकदा आठ महिने जर्मनीला पाठवलं. लोक तिकडून घड्याळं आणतात, हे भाषा घेऊन आले. रिटायर झाल्यावर तीन वर्षं रोज सकाळी साडेसहाला अनुश्रीला घेऊन बसायचे. फी विचारली की म्हणायचे, "ए पोरी, तू बोलतेस म्हणून माझी जीभ गंजत नाही. मीच तुला पोहे खिलवायला पाहिजेत." आणि खरंच खिलवायचे, वरून शेव घालून.

आता तिच्या युनिव्हर्सिटीचा नियम असा, की डिग्री पाहिजे तर दोन सेमिस्टर परदेशी भाषा करायचीच. आधी प्लेसमेंट टेस्ट. ज्याला काही येत नाही तो लेव्हल वनला, ज्याला येतं तो थेट थ्रीला. अनुश्रीच्या आईने, अंबिकाताईंनी, आदल्या दिवशी खजरान्याच्या गणपतीला लाडू चढवून घेतले. गणपती काय करणार बिचारा! पोरीने वेगळंच ठरवलं होतं.

म्हणजे ठरवलं तिच्या मैत्रिणीने, रुचीने, बसमध्ये. "पागल आहे का तू? थ्रीमध्ये निबंध लिहवतात. कोरा सोड. वनमध्ये बस, फोकटात टॉप ग्रेड. कोणाला कळतंय भिया?"

अनुश्रीने पेपर उघडला. पहिला प्रश्न आला, दुसरा आला, सगळेच आले. तिने फक्त नाव लिहिलं, वीस मिनिटं पंखा बघितला आणि पेपर देऊन आली.

रिझल्टच्या दिवशी काका फाटकातच उभे. "काय गं, थ्री ना?"

"वन, काका."

"वन?"

"पेपर खूप कठीण होता." हे तोंडातून निघालं तेव्हा तिला वाटलं, चला, सुटले. काकांनी कुंडीतलं एक सुकलेलं पान तोडलं आणि आत गेले.

वर्गात तर हिची मजाच. पूर्णिमा मॅडम तिचे उच्चार ऐकून खूश. "बघा, याला म्हणतात मेहनत! पंधरा दिवसांत! कुठे शिकलीस गं?"

सगळा वर्ग वळून बघायला लागला. अनुश्री म्हणाली, "यूट्यूबवर, मॅडम."

टाळ्या वाजल्या. बाजूला हातोद गावची एक मुलगी बसायची, तीन-तीन वेळा वाचून तिला एक वाक्य जमायचं. तीही टाळ्या वाजवत होती. अनुश्रीचे कान असे तापले की वाटलं, आता धूर निघेल.

रिझल्टपासून सकाळचं बसणं बंदच होतं. त्या शनिवारी काकांनी बोलावलं. टेबलावर नवी वही. काकांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, तरी भिंग लावून त्यांनी चाळीस पानं हाताने लिहून काढली होती. अक्षरं लाडवाएवढी.

"बस. आपण पहिल्यापासून करू," ते म्हणाले. "चूक माझी आहे. मी मशीनवर उभं राहून शिकलेला माणूस. माझी भाषा कारखान्याची, परीक्षेची नाही. तीन वर्षं तुझी वाया घालवली. माझ्याकडे नवा शिकायला येतो त्या मानसच्या आईलाही कळवून टाकलं, की त्याला आता दुसरीकडे पाठवा, माझ्याच्याने नाही होत."

अनुश्री वहीकडे बघत राहिली. पहिल्या पानावर लिहिलेलं तिला पहिल्या महिन्यातच पाठ झालं होतं. समोरची पोह्यांची बशी तिने बाजूला सरकवली.

"काका, मी पेपर कोरा दिला."

"हो ना, आलं नाही त्याला तू काय करणार."

"आलं होतं. सगळं आलं होतं. सोप्या वर्गात बसायला मिळावं म्हणून नाही लिहिलं."

काकांनी भिंग खाली ठेवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुझ्या मॅडमला माहीत आहे?"

"नाही."

"मग इथे कशाला बसली आहेस?"

सोमवारी ती पूर्णिमा मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिली. यूट्यूबचंही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मी दुसऱ्या सेक्शनमध्येही तुझं उदाहरण दिलं गं." मग त्यांनी लेव्हल बदलायच्या अर्जाचा कागद पुढे सरकवला. लेव्हल थ्रीचे तीन आठवडे निघून गेले होते, पहिल्या निबंधाचे शून्य मार्क लागले ते लागलेच. रुची म्हणाली, "तू ना, एकदम येडी आहेस." अनुश्रीला ते बरोबर वाटलं, फक्त रुचीला वाटत होतं त्या कारणाने नाही.

शनिवारी साडेसहाला तिने काकांची कडी वाजवली. आत मानस परत पुस्तक उघडून बसला होता, तेवढं तरी सुधारलं होतं.

काकांनी दार उघडलं. "या अनुश्रीताई. बसा."

लहानपणापासून ए पोरी म्हणणारा माणूस! तिला परत फिरावंसं वाटलं. पण अंबिकाताई समोरच्या गॅलरीतून बघतच होत्या.

"थ्रीमध्ये घेतलं, काका. निबंध जमत नाहीये."

"दाखवा."

तिने कागद दिला. काकांनी भिंग लावलं, लाल पेन काढलं आणि पहिल्याच ओळीवर काट मारली. पोहे आले, पण शेवेचा डबा आला नाही. ती मान खाली घालून दुसरी ओळ लिहायला लागली.