धोंडीराम सरांची ठिबकची नळी

आष्टीच्या तलावामागच्या मैदानावर धोंडीराम सर हातात ठिबकची काळी नळी घेऊन उभे राहत. जो मागे पडेल त्याच्या पोटरीवर ती सट्कन बसे. वळ आठवडाभर राहत. पोरं निमूटपणे पळत, आणि सरांना ती शिस्त वाटे.

त्यांना स्वतःला दुसरं काही शिकवलं गेलं नव्हतं. बाराव्या वर्षी ते आईबापाबरोबर उसाच्या फडात होते. मोळी टाकून बसले की मुकादम कमरेत लाथ घाली, आणि ते उठून पळत सुटत. पुढं दहा हजार मीटरला जिल्ह्यात पहिले आले. अंग मारानंच घडतं, हा हिशेब त्यांच्या डोक्यात कायमचा बसला.

स्वप्नाली त्यांची सगळ्यात चांगली पोरगी. आई साखराबाई ऊसतोड करायची. राज्याच्या निवडीत आली तर सरकारी वसतिगृह, नाही तर पुढच्या दिवाळीनंतर हातात कोयता, हे पोरीलाही माहीत होतं. म्हणून रोज दोन वेळा जिवाच्या आकांतानं पळायची. आठवडाभर ती उजवा पाय चोरत होती.

"लंगडतीस कावून गं?"

"नडगीत खुपतंय, सर."

"निवड चार दिवसांवर आली अन् आता नाटकं?"

नळी नेमकी त्याच नडगीवर बसली. पोरगी ओठ चावून पळाली. चौथ्या फेरीत वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला आणि ती तोंडावर पडली. दात ओठात घुसले.

अंबाजोगाईला डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. "हा तडा आधीचाच आहे. पळताना हाड थोडं थोडं झिजतं, आरामात भरून येतं. तुम्ही भरायला दिवसच दिला नाही. सकाळची नाडी मोजता का मुलांची? ती वाढलेली असली की अंग थकलेलं असतं."

सरांनी नकारार्थी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी साखराबाई फडातून थेट मैदानावर आली. सरांच्या हातातली नळी तिनं हिसकावली आणि तोंडावर, खांद्यावर, मानेवर ओढत सुटली. "मुकादमाचा मार मी खाल्ला! पोरगी तुज्याकडं ठिवली ती तिनं खाऊ न्हाई म्हनून! तू कुठला मास्तर, तू तर मुकादमच हायस!"

भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. सरांनी हात वर केला नाही. तिचा दम संपला तेव्हा म्हणाले, "पोरगी बरी झाली की पाठव, ताई. आता हात लागणार न्हाई."

त्यांनी एक वही सुरू केली. झोपेतून उठल्या उठल्या, अंथरुणातच प्रत्येकानं नाडी मोजायची. नेहमीपेक्षा दहा ठोके जास्त, तर त्या दिवशी आराम. आठवड्यातले चार दिवस गप्पा मारता येतील इतकंच हळू पळायचं. बोलता येईना झालं की वेग जास्त.

चार महिन्यांनी स्वप्नाली परत आली. तिची निवड पुढच्या वर्षावर गेली होती. हळूच पळत होती. पाटलांचा विजयसिंह, मैदानावरचा सगळ्यात वेगवान पोरगा, मागून आला.

"म्हातारे, सरक की! सर लई मऊ झाले म्हनून तू बी?" म्हणत त्यानं तिच्या उजव्या पायात पाय घातला.

स्वप्नाली कशीबशी सावरली. सर मात्र सावरले नाहीत. त्यांनी विजयसिंहाला मानगुटीला धरून मैदान दाबायच्या लोखंडी रोलरवर आपटलं. एक गुद्दा, दुसरा, तिसरा. पोराचं नाक फुटलं, शर्ट लाल झाला. "पुन्ना तिच्या पायाला हात लाव बे! लाव!"

चौथ्या गुद्द्याला हात उठला तो मधेच अडला. स्वप्नालीनं मनगट पकडलं होतं. तिनं ते खाली ओढलं, दोन बोटं नाडीवर ठेवली आणि घड्याळाकडं पाहत राहिली.

"पंधरा सेकंदांत अडतीस," ती म्हणाली. "एकशे बावन्न. वहीत लिहू का, सर?"

सरांनी रक्ताळलेल्या मुठीकडं पाहिलं. मग रुमाल काढून विजयसिंहाच्या नाकावर धरला. "चुकलं माझं," म्हणाले. "लिही."

"मग उद्या तुमाला आराम."

दुसऱ्या दिवशी सर मैदानात गेले नाहीत. कुंपणाच्या भिंतीमागं, कुणाला दिसणार नाही असे बसले. पोरं फेऱ्या मारत होती. पाचव्या फेरीत तलावाकडच्या चढावर बाकीच्यांचे आवाज तुटायला लागले. स्वप्नाली मात्र बोलत होती, आईनं शेंगदाण्याच्या चटणीत मीठ कसं दुप्पट घातलं ते, धाप न लागता.

सरांनी कान देऊन सहावी फेरी मोजली.