हौसा सुईणीची टोपली

हौसा सुईण गव्हाणच्या वाटेवर आली, की राणीच रंगमंचावर आल्यासारखं वाटे. काखेत झाकलेली टोपली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मागे पोरांची फौज! बाळं त्या टोपलीतून येतात, असं तिनंच तीस वर्षं पोरांना सांगितलेलं. भाऊ हवा असलेली पोरं तिला बोरं देत, नको असलेली दार लावून घेत. हौसाला दोन्ही आवडे.

पण छप्पन सालच्या माघात ठमाबाईला कळा सुरू झाल्या आणि टोपली गायब! ठमाबाईच्या चौथीतल्या लेकीनं, चंद्रावतीनं ती मिठागरात, मिठाच्या राशीत पुरली होती. तीन भाऊ तिला पुरे झाले होते. हौसानं ब्लेड, दोरा, फडकी शेजारून आणून उकळली, आणि चौथा भाऊ टोपलीशिवायच आला.

चंद्रावती भेदरली. आपण केलेल्या पापानं बाळाचं काहीतरी होणार, म्हणून दोन दिवस जेवली नाही.

"हौसाबाई, वर्गात येऊन खरं काय ते सांगा," हे कळताच शाळेचे महादेव मास्तर म्हणाले.

"खरं सांगितलं, तर मना कोन इचारल, मास्तर?"

तरी ती गेली. खिडक्यांत बायकांची गर्दी, तोंडात पदर.

"बाल टोपलीत नसतं रं. आयचं बी नि बापाचं बी एक होतं, मंग आयच्या पोटातल्या पिशवीत नऊ महिने वाढतं."

"बाहेर कसं येतं?" बळीराम ओरडला. मास्तर एकाएकी खडू मोजू लागले.

"आयच्या मांड्यांच्या मधी वाट हाय, तिथून. लाजताव कशाला? सगले तिथूनच आलाव. मास्तर पन!"

वर्गात हशा फुटला. खिडकीतल्या बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या.

चंद्रावती उभी राहिली. "मंग सगलं आयनंच केलं? तू काय केलंस?"

हौसानं ओंजळ पुढे केली. "मी नुसतं झेललं गो."

"मंग आमची बोरं परत दे!"

राणीचा मुकुट गेला. दुसऱ्या दिवशी पोरांची रांग थेट ठमाबाईच्या दारात. चंद्रावतीनं उकरून आणलेली, मिठानं पांढरी झालेली टोपली बोरांनी भरली. तेवढ्यात हौसा आली, कमरेवर हात ठेवून.

"बालंतिनीला बोरं चालत नायत!"

एवढं मात्र हौसालाच ठाऊक होतं. ती टोपलीशी फतकल मारून बसली, एक बोर चंद्रावतीच्या तोंडात कोंबलं, एक आपल्या.

"खा गो. मीठ लागलंय, ब्येस झालीत."