डोणीवरची कोंबडी

अहमदपूरला आम्ही दोघं नवरा-बायको शाळेत शिकवतो. त्या उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, तरी बायकोनं फाटकासमोर, लिंबाखाली, जनावरांना प्यायला सिमेंटची डोण ठेवली. रोज सकाळी त्यात दोन बादल्या मी ओतायच्या असं ठरलं. ठरवलं तिनंच.

पहिल्या दिवशी चिमण्या आल्या. दुसऱ्या दिवशी साळुंक्यांनी त्यांना हाकललं, मग कावळ्यांनी साळुंक्यांना. गल्लीतला पिवळा कुत्रा आला तो पाणी पिऊन सरळ डोणीतच बसला. शेवटी बाजारातला मोकाट वळू आला. तो नुसता फुसफुसला आणि कुत्रा ओल्या अंगानं पळाला. वळूनं एका दमात डोण कोरडी केली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काठी घेऊन पहाऱ्याला उभा राहिलो. वळूनं माझ्याकडे नीट बघितलं. मी काठी हळूच भिंतीला टेकवली.

मग शेजारच्या मावशींची कोंबडी नऊ पिल्लं घेऊन तिथं आली. डोणीखाली सांडलेल्या पाण्यात पिल्लं चोची बुडवत होती, तेवढ्यात वळू आला. कोंबडी फुगून दुप्पट झाली आणि उडून थेट त्याच्या नाकपुडीवर गेली. वळू दचकून मागं सरला. पुन्हा आला, पुन्हा नाकावर टोच बसली. मग तो मुकाट सावलीला जाऊन उभा राहिला, पिल्लांचं उरकेपर्यंत.

मावशी ओट्यावरून ओरडल्या, "सर, काठी घिऊन काय करायलात? कोंबडीच बसवा पहाऱ्याला!"

दुसऱ्या सकाळी मी बादल्या घेऊन गेलो, तर ती माझ्याच नडगीवर धावून आली. एक चप्पल तिथंच टाकून मी घरात पळालो.

"पाणी मी आणायचं, अन् मार बी मीच खायचा?" मी बायकोला म्हणालो.

"तिला काय माहीत?" ती हसू आवरत म्हणाली. "तिला वाटलं, तुम्ही प्यायलाच आलात."

त्यानंतर महिनाभर मी कोंबडी कुठं आहे ते बघूनच फाटक उघडायचो. चिमण्यांसाठी बायकोनं झाडाला पाण्याचं मातीचं ताट टांगलं.

पिल्लं दांडगी झाली तशी एक दिवस कोंबडी त्यांनाच टोचून दाण्यांवरून उठवायला लागली. ज्यांच्यासाठी ती वळूच्या नाकावर उडाली, तीच पिल्लं बावरून लांब उभी. मला ते बघून कसंतरीच झालं.

"असंच असतंय, सर," मावशी म्हणाल्या. "मोठी झाली ना आता. ज्यानं त्यानं आपलं बघायचं."

मला काही पटेना. मी घरातून ओंजळभर कणी आणून पिल्लांपुढं टाकली. कोंबडी धावत आली, सगळ्यांना पांगवलं आणि ती कणी एकटीनंच फस्त केली.