डाव्या कोपऱ्यातली जोडी

निवड समितीत बसलेल्या माणसाला इतरांचं वय स्वच्छ दिसतं. माझी दृष्टी तर या बाबतीत फारच तेज होती.

नवं राज्य झालं तेव्हाची गोष्ट. आमची राजधानी नागपूरहून उचलून भोपाळला नेली, कचेरीत हिंदीतून अर्ज यायला लागले, आणि आजवर अकोला-नागपूरकडे खेळायला जाणाऱ्या तापीकाठच्या आमच्या गावातल्या, इतवारा पेठेतल्या हुतूतू मंडळाला पहिल्यांदाच खंडव्याच्या सामन्यांचं बोलावणं आलं. मंडळ चालवणारे मास्तर बैठकीत म्हणाले, "नव्या प्रांतात म्हाताऱ्यांची वरात न्यायची नाही. पोरं घ्या."

"अगदी बरोबर!" सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडलो. मी पस्तिशीचा, कचेरीतला कारकून, पोट सुटलेलं. तरी म्हातारा म्हणजे दुसरा कोणी, अशी माझी ठाम समजूत.

आमच्याकडे खकनार गावचा एक विशीतला गडी आला होता. चपळ, पकडीला पक्का. त्याला डाव्या कोपऱ्यात जागा हवी होती, आणि त्या कोपऱ्यात कित्येक वर्षं मी आणि भाऊ हातात हात घालून उभे असायचो. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठे, नदीपलीकडे जैनाबादला त्यांची केळीची बाग. चढाई करणारा आला की भाऊ माझा हात दाबायचे. एकदा दाबला की थांब, दोनदा दाबला की घाल झडप. मी घोटा धरायचो, लोक म्हणायचे, "काय नजर आहे!" मीही मान डोलवायचो.

"दोघांतला कोण काढायचा?" मास्तरांनी विचारलं.

"भाऊंचा गुडघा दुखतोय," मी म्हणालो.

गुडघ्याचं भाऊंनी फक्त मला सांगितलं होतं.

मंडळाचा रिवाज असा, की वगळलेल्याला ते त्याच्या जोडीदारानंच घरी जाऊन सांगायचं. म्हणून मी नावेतून तापी ओलांडली. वाटेत चार वाक्यं पाठ केली. भाऊ बागेत घड उतरवत होते.

"ये रे कारकुंड्या! आज कचेरी बंद का सरकार बंद?"

मी हसलो. केळीच्या भावाबद्दल बोललो, पाण्याबद्दल बोललो, हिंदीत अर्ज कसा लिहायचा यावर व्याख्यान दिलं. वहिनींनी जेवायला बसवलं. दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यात भाकरी घातली. निघताना भाऊंनी पिकल्या केळ्यांची फणी हातात दिली आणि म्हणाले, "खंडव्याला आपला कोपरा दाखवून देऊ. गुडघ्याला रोज तेल लावतो आहे. आता बरं वाटतं."

मी "हो" म्हणालो. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण इतक्या छोट्या शब्दात मावलेला दुसरा आठवत नाही. वाटलं, मास्तर सांगतील. मास्तरांना वाटलं, मी सांगितलं.

निघायच्या सकाळी भाऊ पिशवी घेऊन स्टेशनावर आले. अंगात धुऊन इस्त्री केलेला सदरा. मास्तर नावं घेत एकेकाला तिकीट देत होते. खकनारच्या गड्याला दिलं, मला दिलं, आणि हात रिकामे झाले. मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी रुळांकडे.

भाऊंनी खाली ठेवलेली पिशवी उचलली. मग मला म्हणाले, "केळी गोड निघाली का?"

"निघाली," मी म्हणालो. सगळी मीच खाल्ली होती.

गाडी सुटेपर्यंत ते फलाटावर थांबले नाहीत.

खंडव्यात त्या गड्याचा हात माझ्या हातात होता. बिचारा घाबरून सारखाच दाबत होता. मी पहिल्याच चढाईला झेप घेतली ती चढाई करणाऱ्याच्या बरंच अलीकडे, तोंडावर. लोक हसले. पुढच्या वेळी थांबलो तर तो मला शिवून परतही गेला होता. त्या गड्यानं एकट्यानं दोघांना धरलं तेवढंच. आम्ही पहिल्याच फेरीत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जैनाबादला गेलो. भाऊ बागेतच होते. बस म्हणाले नाहीत.

"भाऊ, परत या. तुमच्याशिवाय मला कळतच नाही कधी धरायचं."

"तो पोरगा कसा खेळला?"

"चांगला खेळला."

"मग सोताला काहून नाही काढलं तू?" त्यांनी कोयता पुसला. "माझा गुडघा तुला दिसला. तुझं पोट कोणालाच नाही दिसलं?" आणि घडाकडे वळले. "मी नाही येत आता. वहिनीला विचार, तो सदराही देऊन टाकला."

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो. म्हणालो, "डाव्या कोपऱ्यात दोन्ही नवी पोरं घ्या. मी बाजूला होतो." खरं सांगतो, मनात होतं की कोणीतरी "नाही नाही, तुम्ही नसलात तर कसं" म्हणेल. मग भाऊंनाही बोलावता आलं असतं, दोघंही परत.

मास्तर म्हणाले, "छान. ठरलं तर." आणि उजव्या कोपऱ्याचा विषय निघाला.

थोड्या वेळानं चहा आला. पहिला कप मला दिला, पाहुण्याला देतात तसा.