नागपूरच्या वेटिंग रूममध्ये नेसलेलं लुगडं

यंदा मागावर माझं लुगडं चढल्याचं घरून कार्ड आलं आणि मी ठरवलं, बास! नागपूरला जायचं आणि बाबांना खरं सांगून टाकायचं. बाबा विणकर. दर दिवाळीला माझ्यासाठी नऊवारी विणतात, आणि वर्ध्याच्या शाळेत शिकवायला लागल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, मी त्यातलं एकही नेसलेलं नाही. मी नेसते गिरणीचं पाचवारी पातळ. हलकं, धुवायला सोपं, वाळतंही पटकन. बाबांनी थकल्या डोळ्यांनी विणायचं आणि मी पेटीत कोंबायचं, हे काही बरं नव्हे.

शनिवारी पॅसेंजर पकडली. तुम्ही जाणार असाल तर डबा घरूनच घ्या. गाडी दर स्टेशनावर बूड टेकते. बोरं मात्र वाटेत घ्या, आण्याला ओंजळभर आली आणि काय गोड होती म्हणून सांगू!

पण नागपूर आलं आणि माझा धीर सुटला. बायकांच्या वेटिंग रूममध्ये शिरले, पिशवीतून मागच्या दिवाळीचं लुगडं काढलं आणि नेसायला लागले. सवय मोडलेली, कासोटा काही जमेना. शेवटी बाकावरच्या आजीबाईंनी तो ओढून खोचून दिला.

"सासरी चालली का वं?"

"नाही, माहेरी."

"अवं माय! माहेरी जायले एवढं भेते का कोणी?"

आमचं घर सक्करदऱ्याला. स्टेशनवरून तिथं जायला टांगेवाला रुपया मागतो. चार पावलं चालायला लागा, आठ आण्यांत हाका मारत येतो.

घरात शिरले तसा माग थांबला. बाबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जेव आधी," एवढंच म्हणाले.

आईनं गोळाभात केला होता. भरड वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे गोळे भातातच वाफवलेले, ते कुस्करायचे आणि वरून हिंग-मिरचीची चरचरीत फोडणी. जगात कुठंही जा, याच्यासारखं पोटाला धीर देणारं काही नाही. मी दुसऱ्यांदा वाढून घेत होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, "घडी आजच मोडली ना?"

घास तसाच राहिला.

"माह्या हातची घडी हाय, बाई. घडीच्या रेघा पाह्य कशा उभ्या हायेत. एकदा तरी धुतलं असतं तं राहिल्या असत्या का?"

"बाबा, मले नऊवारी नेसणं होत नाही आता. शाळेत पाचवारीच नेसणं होते. तुम्हाले सांगाची हिंमत नाही झाली." आणि मी रडायलाच लागले.

आई म्हणाली, "बोला ना काही!"

"नेसून दाखव," बाबा म्हणाले.

"काय?"

"तुहं ते पाचवारी. नेसून दाखव."

पातळ नेसून मी मागाजवळ उभी राहिले. बाबा तोवर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते, ते वर आले आणि खांद्यापासून वितीनं पदर मोजायला लागले. "एवढा लोंबते? अन् निऱ्यात किती जाते? काठ कितीक दिसते?" एकामागून एक प्रश्न! रुसवा कुठल्या कुठं गेला, विणकर तेवढा उरला. मग मागावरच्या कापडाकडे पाहून म्हणाले, "चार वार तं झालंच हाय. मंग नऊ काहून करू? पदर आताच घेतो."

अख्खा रविवार मी त्यांच्या शेजारी बसून होते. मधेच ते पुटपुटले, "चार वर्सं मले फसवलं वं तू." मी म्हटलं, "हो बाबा." त्यांनी धोटा ताण्यातून पलीकडे फेकला. संध्याकाळी पातळ मागावरून उतरलं, त्यांनीच घडी घातली.

सोमवारी परत आले. हे लिहिताना बोटांना अजून हिंगाचा वास आहे, आणि असे आईबाप मिळाल्याबद्दल देवाला किती हात जोडू तेच कळत नाही. एक तेवढं सांगायचं राहिलं. सकाळी गाडीतून उतरल्यावर मी घरी गेलेच नाही. वर्ध्याच्या वेटिंग रूममध्ये बाबांची घडी मोडली, पातळ नेसलं आणि तशीच शाळेत गेले.